खोलीचं घर होताना

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

घराला रंग द्यायचा म्हटलं की आजही माझ्या नाकात पहिल्यांदा कळीच्या चुन्याचा वास येतो. लालबागच्या आमच्या चाळीत दसरा झाला की घरोघरी पत्र्याचे डबे बाहेर निघायचे. डब्यात चुन्याचे खडे टाकायचे, वर पाणी ओतायचं आणि लांब उभं राहायचं. पाणी रटरट उकळायला लागायचं आणि आम्हा पोरांना ती जादू वाटायची. रात्रभर चुना निवायचा. सकाळी आई तो फडक्यातून गाळायची, त्यात चिमूटभर नीळ आणि भिजवलेला डिंक घालायची. नीळ भिंतीचा पिवळेपणा मारते आणि डिंकामुळे चुना अंगाला लागत नाही, हे तिचं शास्त्र. काथ्याचा कुंचला घेऊन वडील, म्हणजे आमचे दादा, स्टुलावर चढायचे आणि दुपारपर्यंत आमची दहा बाय बारा फुटांची खोली पांढरी व्हायची. खर्च दोन-अडीच रुपये. तेवढ्यात सहा माणसांचं घर नवं होत असे.

पुढे मी आर्किटेक्टच्या कचेरीत ड्राफ्ट्समन झालो. लोकांच्या घरांचे नकाशे काढता काढता चाळीस वर्षं गेली. राजवाड्यांचा, देवळांचा, किल्ल्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. पण एका साध्या खोलीत भिंत, जमीन, ओटा, मोरी कशी बदलत गेली, त्याला पैसे कुठून आले आणि ते कशावर आधी खर्च झाले, याचाही एक इतिहास आहे. आज त्याबद्दल थोडं सांगतो. त्यात माझी एक चूकही आहे, तीही सांगतो.

मुंबईतल्या गरिबांच्या खोल्यांना सरसकट चुना फासला गेला तो शोभेसाठी नव्हे, भीतीपोटी. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि शहर हादरलं. नगरपालिकेच्या टोळ्या घरोघर शिरल्या. सामान बाहेर काढून खोल्या धुतल्या, भिंतींना चुना मारला, काही ठिकाणी ऊन आत यावं म्हणून छपराची कौलंसुद्धा काढली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यूएचएच’ ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात. रोग पिसवांमार्फत पसरतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यामुळे चुन्याने प्लेग थांबला असं म्हणता येणार नाही. पण चुन्याचा गुण खोटा नाही. विरलेला चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यात जंतू आणि बुरशी टिकत नाहीत. भिंतीवर तो हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो. म्हणजे आपण भिंतीला दरवर्षी कागदाएवढा पातळ दगडच चढवत असतो.

माझे आजोबा कोकणातून मुंबईत आले ते पहिल्या महायुद्धानंतर. गावी त्यांचं घर कुडाचं, जमीन शेणाने सारवलेली. तिथे घराची डागडुजी ही दरवर्षीची रीत होती. पावसाळा सरला की माती खणायची, जमीन चोपायची, भिंती लिंपायच्या. माती अंगणातली, शेण गोठ्यातलं, हात घरातल्या बायकांचे. पैसा लागत नसे. मुंबईत आल्यावर आजोबांना पहिला धक्का बसला तो हा, की इथे मातीसुद्धा विकत घ्यावी लागते. घर सजवणं ही पैशाची गोष्ट झाली ती शहरात.

आणि ते घर तरी केवढं? १९२१ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांचं घर म्हणजे एकच खोली होती. त्याच सुमारास गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायची योजना आखली. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या आणि खोल्या झाल्या सुमारे १६ हजार. त्या आपल्या बीडीडी चाळी. खोली १६० चौरस फुटांची, भिंती सिमेंट-काँक्रीटच्या.

आमची चाळ खासगी मालकाची, त्याहून जुनी. सागवानी खांब, सागवानी तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा आणि वर शहाबादी फरशी. तुळयांची टोकं भिंतीत रुतवलेली. ही टोकं लक्षात ठेवा, त्यांची गोष्ट पुढे येणार आहे.

१९४७ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा आला. त्यातून भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठलं. आमच्या खोलीचं भाडं साडेसात रुपये होतं आणि माझं लग्न होईपर्यंत ते फारसं हललं नाही. या कायद्यामुळे आमच्यासारखी लाखो माणसं मुंबईत टिकली, हे मान्य केलंच पाहिजे. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला, की भाड्यातून काही सुटत नाही म्हणून मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली, आणि खोली सुटणार नाही याची खात्री झाल्यामुळे भाडेकरू आतून खोली सजवू लागला. चाळीचं छप्पर गळतंय, जिन्याचा कठडा हलतोय, आणि आत भिंतीवर मात्र गुलाबी रंग. मुंबईचं हे दृश्य पुष्कळांनी पाहिलं असेल. आतलं आपलं आणि बाहेरचं कुणाचंच नाही, ही सवय तिथून लागली.

आमच्याकडे पैसा येण्याची वेळ वर्षातून एकदाच, ती बोनसची. हा बोनस काही मालकांच्या खुशीने पदरात पडलेला नाही. १९२४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठी मोठा संप केला होता. पुढे १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. दादांच्या हातात दिवाळीआधी बोनस पडला, की त्या रात्री घरात बैठक बसायची. कपडे, फराळ, गावी पाठवायचे, भिशीचे, वाण्याचे असे ढीग अंथरुणावर मांडले जायचे. शेवटी जो छोटा ढीग उरे तो घराचा.

त्या ढिगातून आमच्या खोलीत पहिली सुधारणा झाली ती रेडिओच्या फळीची. दादांना भजनं आणि कामगारसभा ऐकायचा नाद. चुन्याच्या भिंतीत खिळा धरत नाही, म्हणून त्यांनी छिन्नीने भोक पाडून लाकडी गुल्ली ठोकली आणि तिच्यात स्क्रू पिळला. फळीवर रेडिओ, रेडिओवर आईने विणलेला रुमाल. आकाशवाणीवर बसून हे सांगताना बरं वाटतं, की आमच्या घरातलं पहिलं ‘फर्निचर’ आकाशवाणीसाठी झालं.

दुसरी सुधारणा डिस्टेंपरची. रंगाचा धंदा आपल्याकडे वाढला त्याला दुसरं महायुद्ध कारण झालं. परदेशी रंग येणं अडलं आणि १९४२ साली गिरगावातल्या गायवाडीत चौघा मित्रांनी एका गॅरेजमध्ये रंग करायला सुरुवात केली. तीच एशियन पेंट्स. छोट्या गावातल्या दुकानदारापर्यंत छोटा डबा पोचवायचा, हे त्यांचं धोरण होतं. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी हातात ब्रश घेतलेला खोडकर गट्टू काढला आणि रंग ही श्रीमंतांची गोष्ट राहिली नाही. आमच्या चाळीत एकाने पोपटी डिस्टेंपर लावला, की पुढच्या वर्षी सगळा मजला पोपटी. खाली चार फूट ऑइलपेंटचा पट्टा, कारण माणसं भिंतीला टेकून बसतात आणि डोक्याच्या तेलाचे डाग पडतात. हा पट्टा पुसता येई. गरिबाच्या घरात रंगसंगतीलाही कारण लागतं.

आता ओट्याची गोष्ट. आई खाणावळ चालवायची. गिरणगावात बायकोपोरं गावी ठेवून राहणारे हजारो कामगार होते, ते अशा घरगुती खाणावळींत जेवत. आमच्याकडे आठ जण होते. पहाटे चारपासून आई जमिनीवर उकिडवी बसून स्टोव्हवर भाकऱ्या थापायची. उठताना भिंतीचा आधार घ्यायची. १९६८ च्या दिवाळीत तिने पहिल्यांदा बैठकीत तोंड उघडलं. म्हणाली, “यंदा रंग नको. मला ओटा पाहिजे.”

दादा म्हणाले, “उभ्याने स्वयंपाक? आपल्या घरात कुणी केलाय का? आणि दिवाळीला भिंती काळ्या ठेवायच्या?”

आई एवढंच म्हणाली, “भिंती पाव्हणे बघतात. गुडघे माझे आहेत.”

त्या रात्री घरात कुणी बोललं नाही. उभ्याचा ओटा तेव्हा ब्लॉकमधल्या लोकांचा. १९५५ पासून मुंबईत बर्मा शेलचा गॅस मिळू लागला होता आणि त्याच्याबरोबर उभ्याचा ओटाही सुखवस्तू घरांत शिरला होता. पण ओट्याला गॅस लागतोच असं नाही, स्टोव्हही चालतो, हे आईने हेरलं होतं. चार दिवसांनी तिने डाळीच्या डब्यातून स्वतःचे साठवलेले पैसे काढले. खाणावळीच्या हिशेबातून उरलेले सव्वाशे रुपये. कडप्प्याची सहा फूट लांब, दोन फूट रुंद फरशी आली. ती जिन्यावरून चढवायला पाच माणसं लागली. मिस्त्रीने उंची विचारली तेव्हा आईने हात कोपरात वाकवला आणि म्हणाली, “इथून चार बोटं खाली.” तीस इंच भरली. पुढे नकाशांत ओट्याची उंची लिहिताना मला प्रत्येक वेळी तो हात आठवला. इमारतशास्त्राचा पहिला धडा मी तिथे शिकलो. माप आधी माणसाचं घ्यायचं, मग भिंतीचं.

त्यानंतर दहा वर्षांनी मी चूक केली. १९७७ मध्ये मला नोकरी लागली. पहिल्या वर्षाच्या शिलकीतून घरासाठी काहीतरी करावं असं वाटलं. आमची मोरी कोपऱ्यात होती, शेवाळलेली. साहेबांच्या घरी मी पांढऱ्या चकचकीत टाइल्स पाहिल्या होत्या. तशा मोरीला लावायचं ठरवलं. त्या काळी सिमेंटवर नियंत्रण होतं. परमिट लागे, आणि ते मिळेपर्यंत माणूस थके. १९८२ साली ते नियंत्रण थोडं सैल झालं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. आम्हाला ओळखीने कशीबशी अर्धी गोणी मिळाली. मिस्त्री म्हणाला, “आधी जुनी मोरी खणून पाणी मुरणार नाही असं काम करू, टाइल्स पुढच्या वर्षी लावा. दोन्ही या सिमेंटात बसणार नाही.” मी ड्राफ्ट्समन, तरीही मी म्हणालो, “टाइल्स आधी.” वाळू जास्त आणि सिमेंट कमी घालून त्याने टाइल्स बसवल्या. मोरी आरशासारखी दिसू लागली. शेजारपाजारचे बघायला आले. मला फार बरं वाटलं.

१९८० च्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. भांडायला नाही, नुसतं सांगायला. “बाळा, आमच्या देव्हाऱ्यावर पाणी ठिबकतंय.” मी खाली गेलो. वर पाहिलं तर तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे काळं पडलं होतं. दादांनी स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. सागवानाचा भुसा झाला होता. टाइल्सच्या फटींतून दोन वर्षं पाणी मुरत होतं आणि ते नेमकं तुळईच्या टोकाशी जाऊन थांबत होतं.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो आणि आपण या खोलीत काय काय चढवलं याचा हिशेब केला. कडप्पा सुमारे ११० किलो. त्याच्या खालच्या विटांच्या भिंती ३०० किलो. मग माळा, माळ्यावरच्या ट्रंका, लोखंडी कपाट, पाण्याचं पिंप. प्रत्येक खोलीत हेच, चारही मजल्यांवर. प्रत्येकाने आपापल्या बोनसमधून आपापलं घर सुधारलं, आणि त्या सगळ्याचं ओझं त्याच जुन्या तुळया वाहत होत्या. आमची खोली सुंदर करताना मी खालच्या घराचं छत कुजवलं होतं.

मुंबईत तोवर पुष्कळ चाळी कोसळल्या होत्या. त्यातूनच १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा कायदा झाला. उपकर गोळा करून त्यातून दुरुस्ती करायची अशी ती व्यवस्था. त्यासाठी नेमलेलं मंडळ १९७७ मध्ये म्हाडात सामील झालं. आमच्या चाळीतही माणसं आली, लाकडी टेकू लागले, आणि कुजलेल्या टोकाच्या जागी लोखंडी गर्डर बसला. ते काम तीन आठवडे चाललं. तेवढे दिवस काकू, काका आणि त्यांची दोन मुलं आमच्या खोलीत झोपायला होती. रात्री दहा माणसं. सकाळी आई आणि काकू दोघी त्या ओट्याशी शेजारी शेजारी उभ्या राहून स्वयंपाक करायच्या. काकूंनी एकदाही मला बोल लावला नाही. चौथ्या दिवशी फक्त एवढं म्हणाल्या, “ओटा छान आहे हो तुमचा. आम्हालाही करायचाय, पण हलका करायला हवा, नाही का?” त्यांच्या ओट्याचा नकाशा मी काढला. विटांऐवजी लोखंडी घोडी, वर पातळ फरशी, आणि बाहेरच्या दगडी भिंतीलगत. मी आखलेलं ते पहिलं स्वयंपाकघर. त्याचे पैसे मी घेतले नाहीत, घेण्याचा प्रश्नच नव्हता.

आमची मोरी पुन्हा खणली. या वेळी चोवीस तास पाणी भरून ठेवलं, खाली जाऊन छत कोरडं आहे हे हाताने पाहिलं, आणि मगच वरचं काम केलं. टाइल्स लावल्याच नाहीत, साधी घोटाई केली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. आमच्या मजल्यावरचे बहुतेक पुरुष घरी बसले. खाणावळीचे लोक एकेक करून गावी गेले. त्या वर्षी दिवाळीला बोनस नव्हता, डिस्टेंपर नव्हता. कुणी कपाट विकलं, कुणी खोलीच विकली. दसऱ्यानंतर आईने पत्र्याचा जुना डबा शोधून काढला आणि मला चुन्याचे खडे आणायला धाडलं. दादा खाली मान घालून बसले होते. आई म्हणाली, “चुना काय वाईट आहे? आयुष्यभर तोच लावला.” दादा उठले, कुंचला भिजत घातला आणि स्टुलावर चढले. संध्याकाळपर्यंत खोली पांढरी झाली होती. काम गेलेल्या माणसाला दिवसभर हाताला काम मिळालं, याचं मोल मला त्या दिवशी कळलं नव्हतं, आज कळतं.

चाळ आता नाही. तिच्या जागी उंच इमारत आहे आणि आम्हाला तिच्यात तीनशे चौरस फुटांचं घर मिळालं. आतून संडास, नळाला पाणी, उजेड. आई-दादांनी हे पाहायला हवं होतं. बीडीडी चाळींचंही तेच चाललंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. या किल्ल्या मिळालेली तरुण मुलं मला कधीकधी विचारतात, “काका, पैसे थोडे आहेत, आधी काय करू?” मी त्यांना आमच्या खोलीचा इतिहास सांगतो आणि त्यातून निघालेला क्रम सांगतो. पहिला पैसा पाण्यावर, म्हणजे गळती आणि ओल. दुसरा वायरिंग, उजेड आणि हवेवर. तिसरा, घरात जो सर्वांत जास्त राबतो त्याच्या पाठीवर आणि गुडघ्यांवर. उरेल त्यात रंग. आणि भिंत तोडण्याआधी किंवा जड काही चढवण्याआधी खालच्या घराची बेल वाजवून विचारा. घर आपलं असलं तरी छत त्यांचं असतं.

चाळ सोडताना कंत्राटदार म्हणाला, “तो कडप्पा टाका, नव्या घरात ग्रॅनाइट आहे.” आम्ही टाकला नाही. कापून घेतला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची पट्टी म्हणून बसवला. कापणावळ आणि बसवणावळ मिळून फरशीच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे गेले. हिशेबात हा खर्च बसत नाही, हे मला कळतं. सकाळी त्यावर तुळशीची कुंडी असते आणि बायको चहाचा कप टेकवते. उंचीही योगायोगाने जुळली आहे, कोपराच्या खाली चार बोटं.